फोटोच्या धंद्यातली जुनी एअरमेल पाकिटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत. माळे रिकामे होताना निगेटिव्हच्या काचेच्या प्लेटा, हायपोचे (फोटो पक्का करायच्या रसायनाचे) डबे, बिलांच्या फायली निघतात आणि त्यांच्यासोबत निळ्या-तांबड्या किनारीची पाकिटंही. बहुतेक वेळा फोटो घरात राहतात आणि पाकिटं रद्दीत जातात. ती हातात आल्यावर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

माझ्याकडे एकच पाकीट आहे, आत पत्र नाही. यावरून धंद्याचं काय सिद्ध होतं?

अमुक तारखेला अमुक कंपनीने अमुक पत्त्यावर अमुक वजनाचा कागद पाठवला, एवढंच. माल आला, पैसे गेले, एजन्सी मिळाली यातलं काहीही नुसत्या पाकिटावरून सिद्ध होत नाही. तरी ‘अमुक वजनाचा’ हा शब्द सोडू नका. लोक पाकिटावर कंपनीचं नाव बघून हरखतात आणि तिकिटांची बेरीज करायला विसरतात. खरी माहिती त्या बेरजेत असते. ते गणित पुढे एका प्रश्नात सोडवून दाखवलं आहे.

दुसरा पुरावा म्हणजे टाचणीची भोकं. जुन्या हापिसांत स्टेपलर सर्रास नव्हता. पत्र, बिल आणि पाकीट एकाच टाचणीत अडकवून ठेवत. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात गंजाचे दोन ठिपके असतील तर त्यांतलं अंतर पट्टीने मोजा आणि फायलीतल्या सुट्या बिलांवर तेच अंतर, तोच गंज सापडतो का पाहा. जुळलं तर पाकीट आणि बिल सोबत होतं असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. म्हणून टाचणीची भोकं बुजवू नका आणि ‘पाकीट स्वच्छ दिसावं’ म्हणून गंज खरवडू नका.

बघायला सुरुवात कुठून करायची?

मागच्या बाजूने. पुढची बाजू पाठवणाऱ्याची, मागची पोहोचण्याची. क्रम असा ठेवा:

१. पाकीट हाताळण्याआधी दोन्ही बाजूंचा, शेजारी पट्टी ठेवून, रंगीत स्कॅन घ्या. ६०० डीपीआय पुरे.
२. मागे बेळगाव, शहापूर, निपाणी वगैरे पोचीचा शिक्का आहे का पाहा. नोंदणी केलेल्या पत्रावर तो बहुधा असतोच. साध्या पत्रावर असेलच असं नाही.
३. फडकीवर (पाकीट बंद करायच्या झाकणावर) छापलेला पत्ता, छापखान्याचं बारीक नाव आणि पाकिटाचा नंबर वाचा.
४. पुढे तिकिटं किंवा फ्रँकिंगचा (तिकिटाऐवजी यंत्राने छापलेल्या टपालदराचा) शिक्का, एअरमेलचं लेबल, नोंदणीचं लेबल बघा. तिकिटावरचा शिक्का पाकिटावरही उतरला आहे ना, याची खात्री करा.
५. शेवटी पाकीट उजेडासमोर धरा. आतल्या कागदाच्या घडीची रेघ, जाड वस्तूचा उठाव, टाचणीची खूण दिसते. फोटोपेपरचा नमुना आला असेल तर चौकोनी उठाव राहतो, कारण तो कागद एअरमेलच्या कागदापेक्षा कितीतरी जाड असतो.

पाकिटाचं माप मिलिमीटरमध्ये लिहा. ११४ × १६२ म्हणजे सी-६, ११० × २२० म्हणजे डी-एल. जुनी इंग्रजी मापं यांत बसत नाहीत.

शिक्का पुसट आहे. पत्त्यावरून काळ काढता येतो का?

आपल्या भागापुरतं फार चांगलं काढता येतं, कारण आपण जागचे हललो नाही तरी पत्त्यातलं राज्य बदलत गेलं.

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात आला, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तेव्हा पत्त्यात ‘मायसोर स्टेट’ असेल तर पाकीट १९५६ ते १९७३ मधलं, किंवा फार तर थोडं नंतरचं. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणून ‘शहापूर, सांगली स्टेट’ असा पत्ता बहुधा त्याआधीचा. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. ते संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. पत्त्याखाली ‘एम. अँड एस. एम. रेल्वे’ लिहिलं असेल तर ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, आणि ती १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली. मालाच्या धंद्यात स्टेशनची रेल्वे लिहायची पद्धत होती, कारण पार्सल त्यावर सुटत असे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. बेळगाव शहराचा ५९०००१, निपाणीचा ५९१२३७. पिन असेल तर पाकीट त्यानंतरचं हे नक्की.

इथेच सगळ्यांत मोठी चूक होते. नवीन नाव असेल तर पाकीट ‘त्यानंतरचं’ म्हणता येतं. जुनं नाव आहे म्हणून ‘त्याआधीचं’ म्हणता येत नाही. परदेशी कंपन्या गिऱ्हाइकांचे पत्ते धातूच्या किंवा स्टेन्सिलच्या पट्ट्यांवर कोरून ठेवत आणि यंत्राने पाकिटावर उमटवत. कोणी कळवलं नाही तर तीच पट्टी वर्षानुवर्षं चाले. त्यामुळे १९६० नंतरच्या पाकिटावरही ‘बेलगाम, बॉम्बे’ सापडतं. पिन नसलेलं पाकीट १९७५ चं असू शकतं. लोकांना पिन लिहायची सवय लागायलाही वेळ लागला.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून?

तोच नियम तिकडेही लागू होतो. ईस्टमन कोडकचा ‘रॉचेस्टर ४, न्यू यॉर्क’ असा पत्ता १९४३ नंतरचा, कारण अमेरिकेत शहरांना विभागक्रमांक त्या वर्षी मिळाले. १९६३ मध्ये झिप कोड आला आणि कोडकचा १४६५० झाला. पश्चिम जर्मनीत चार आकडी कोड १९६१ पासून. जपानमध्ये पोस्टाचे कोड १९६८ पासून, आणि जपानी तिकिटांवर रोमन अक्षरांत ‘निप्पॉन’ १९६६ पासून. ब्रिटिश पाकिटावर तिकिटाची किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर ते बहुधा १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वीचं. आपल्या बाजूची तिकिटं आणे-पैची असतील तर १ एप्रिल १९५७ ही सीमारेषा धरा, पण जुनी तिकिटं काही काळ चालत राहिली हे ध्यानात ठेवा.

आग्फाच्या पाकिटांत हटकून गोंधळ होतो. फिल्मचा मूळ कारखाना वोल्फेनला, कागदाचा आणि कॅमेऱ्यांचा धंदा पश्चिमेकडे लेव्हरकुसेन-म्युनिकला. युद्धानंतर वोल्फेन रशियाच्या ताब्यातल्या भागात, पुढे पूर्व जर्मनीत गेलं, आणि आग्फा हेच नाव दोन्हीकडे चालू राहिलं. १९६४ मध्ये वोल्फेनने ‘ओरवो’ हे नाव घेतलं, म्हणजे ओरिजिनल वोल्फेन. त्याच वर्षी लेव्हरकुसेनची आग्फा बेल्जियमच्या गेव्हर्टशी एक झाली. म्हणून पूर्व जर्मनीच्या तिकिटांचं ‘आग्फा वोल्फेन’ पाकीट १९६४ पूर्वीचं, आणि ‘आग्फा-गेव्हर्ट’ छापलेलं १९६४ नंतरचं. गेव्हर्टची जुनी पाकिटं मॉर्टसेल, अँटवर्पहून निघत आणि त्यांवर कंपनीचं नाव फ्रेंच किंवा डचमध्ये असे. दोन भाषा बघून दोन कंपन्या समजू नका.

ओरवो आपल्याकडे भरपूर खपली, कारण पूर्व जर्मनीशी व्यवहार रुपयांत होत असे आणि डॉलर-पौंड मोजावे लागत नसत. साठ-सत्तरच्या दशकातल्या पूर्व जर्मन पाकिटांची संख्या बघताना हे कारण विसरलात तर ‘माल चांगला म्हणून मागणी’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

एअरमेलचं निळं लेबल नाही, म्हणजे बोटीने आलं का?

तारखेवर अवलंबून आहे. २३ फेब्रुवारी १९३८ पासून एम्पायर एअर मेल योजनेत ब्रिटनहून हिंदुस्थानला येणारी पहिल्या दर्जाची पत्रं जादा आकार न घेता विमानानेच येत. दर अर्ध्या औंसाला दीड पेनी. लेबल लावायची गरजच नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, योजना थांबली आणि विमानाचा दर कित्येक पटींनी वाढला. म्हणजे त्या दीड वर्षातलं हॅरोचं (तिथे कोडकचा ब्रिटनमधला कारखाना) किंवा इलफर्डचं साधं पांढरं पाकीटही एअरमेल आहे, आणि ‘किनार नाही’ म्हणून लोक ते रद्दीत टाकतात.

जर्मनी, बेल्जियम, अमेरिका या योजनेत नव्हते. तिथल्या पत्राला परदेशी टपालाचा दर अधिक विमानाचा जादा आकार लागे, आणि तो आकार लहान टप्प्यांनी चढे. जर्मन पाकिटं इतक्या पातळ, कुरकुरीत कागदाची का, याचं कारण तेच.

उलटही होतं. लेबल आहे पण त्यावर दोन आडव्या जाड रेघा मारल्या असतील तर विमानाचा प्रवास तिथे संपला, पुढे पत्र रेल्वेने किंवा बोटीने गेलं. बेळगावला तर शेवटचा टप्पा रेल्वेचाच होता. लंडन-कराची विमानसेवा १९२९ मध्ये सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला टाटांचं टपालविमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आलं. त्याआधीचं पत्र कराचीला उतरून पुढे रेल्वेने, नंतरचं मुंबईला उतरून पुणे-मिरजेवरून बेळगावला. मुंबईचा आणि बेळगावचा असे दोन्ही शिक्के वाचता आले तर त्यांतला फरक रेल्वेचा.

देशांतर्गत पाकिटांबद्दल एक गोष्ट. १९४९ पासून देशातली पहिल्या दर्जाची पत्रं जादा आकाराशिवाय जमेल तिथे विमानाने जाऊ लागली. नंतरच्या काळात मुंबईच्या व्यापाऱ्याने किनारीचं पाकीट वापरलं ते दिसायला बरं म्हणून, एवढंच.

तिकिटांच्या बेरजेवरून आत काय होतं हे कसं काढायचं?

समजा १९३८ मधलं ब्रिटिश पाकीट आहे आणि तिकिटं साडेचार पेन्सची. दर अर्ध्या औंसाला दीड पेनी, म्हणजे तीन टप्पे: वजन एक औंसापेक्षा जास्त आणि दीड औंसापर्यंत. ग्रॅममध्ये २८ ते ४२. पातळ पाकीट ३-४ ग्रॅम, फुलस्केपचा पातळ कागद अडीच ग्रॅमच्या आसपास. पाकीट वजा करून २४ ते ३८ ग्रॅम उरतात, म्हणजे दहा ते पंधरा पातळ कागद. हे नुसतं पत्र नव्हे. भावपत्रक असेल, नाही तर मालाची कागदपत्रं. उलट दीड पेनीचं पाकीट असेल तर अर्ध्या औंसात, म्हणजे १४ ग्रॅमात, चारच कागद बसतात. ते पत्रच.

बेरीज करण्यापूर्वी नोंदणीचा आकार वजा करा. आणि तिकीट पडलेलं असेल तर डिंकाचा डाग, रंग न उडालेला चौकोन, अर्धवट शिक्का यांवरून ते ओळखा. नाहीतर गणित खाली येईल.

एरोग्राम, म्हणजे घडी घालून स्वतःच पाकीट होणारा पत्राचा कागद, सापडला तर हे गणित लागत नाही. त्यात दुसरा कागद घालायची परवानगीच नव्हती. एरोग्राम म्हणजे नुसता मजकूर: भाव काय, माल कधी, तक्रार काय.

फोटोपेपर आणि फिल्म एअरमेलने येत होती का?

सर्वसाधारणपणे नाही. माल बोटीने येत असे, आणि कागदपत्रं विमानाने, कारण बोट मुंबईला लागायच्या आत बिल ऑफ लेडिंग (बोटीवर चढवलेल्या मालाची पावती), इन्व्हॉइस आणि विम्याचा कागद बँकेत पोहोचायला हवा. कागद उशिरा आले तर माल गोदीत पडून राही आणि गोदीभाडं चढे. शिवाय फोटोचा माल दमटपणाला फार नाजूक. पावसाळ्यात आठवडाभर गोदीत राहिलेल्या कागदाच्या कडा काळवंडत, धुरकट होत. ‘कागद फॉग झालाय’ म्हणतात तो प्रकार. त्यामुळे फोटोच्या धंद्यात वजनदार एअरमेल पाकीट हे बहुधा मालाच्या पुढे धावणाऱ्या कागदपत्रांचं असतं, आणि त्यावर पाठवणारा कंपनीऐवजी बँक असेल तर हा अंदाज आणखी पक्का होतो.

तक्रारीची पत्रंही विमानाने जात. त्यात डब्यावरचा इमल्शन नंबर, माल वापरायची मुदत आणि बिघडलेल्या कागदाची एक पट्टी असे. इमल्शन नंबर नसेल तर कारखाना दाद देत नसे, कारण कोणत्या घाण्यातला माल ते कळत नसे. अशा पत्राची कार्बन प्रत सापडली तर सोन्यासारखी जपा: कोणता ब्रँड, कोणत्या महिन्यात, कशाने खराब झाला, हे सगळं तिथे मिळतं.

म्हणजे बेळगावचे स्टुडिओ थेट परदेशातून माल मागवत होते?

फार थोडे. घरचे लोक अभिमानाने सांगतात, ‘आजोबा जर्मनीहून माल मागवायचे.’ माल जर्मनीचा असे हे खरं. मागवला जाई मुंबईहून. कागदाचे गठ्ठे, प्लेटांचे डझन, रोल फिल्म मुंबईच्या व्यापाऱ्याकडून व्ही.पी.ने (पोस्टात पैसे भरून माल सोडवायच्या पद्धतीने) किंवा रेल्वे पार्सलने येत. मोठ्या मालाची बिल्टी, म्हणजे रेल्वेची पावती, बँकेत यायची. पैसे भरले की बिल्टी हातात आणि बिल्टी दाखवली की स्टेशनवर माल. दुसऱ्या महायुद्धात आयातीला परवाना लागू लागला, तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, आणि ‘एस्टॅब्लिश्ड इम्पोर्टर’ म्हणून कोटा मिळे तो आधीपासून आयात करणाऱ्यांना. खडे बाजारातल्या किंवा निपाणीतल्या एका स्टुडिओला तो मिळणं अवघडच.

मग रॉचेस्टरहून बेळगावला आलेलं पाकीट कशाचं? बहुधा माहितीपुस्तकाचं, भावपत्रकाचं, कॅमेरा दुरुस्तीच्या पत्रव्यवहाराचं. थेट व्यापार म्हणायचा असेल तर तीन कागद शोधा: परवान्याचा क्रमांक लिहिलेलं इन्व्हॉइस, बँकेची सूचना, आणि कस्टमची पावती. इन्व्हॉइसवर ‘सी.आय.एफ. बॉम्बे’ असेल तर किंमत, विमा आणि बोटभाडं मुंबईपर्यंत धरलं आहे. पुढचा खर्च घेणाऱ्याचा.

आम्हाला स्वतःला विचाराल तर मुंबई-बेळगावची साधी, न दिसणारी व्ही.पी.ची कागदं जास्त मोलाची वाटतात. धंदा कसा चालला ते तीच सांगतात. पण ती दिसायला कुरूप, म्हणून कोणी जपत नाही.

इन्व्हॉइसवरची नावं कळत नाहीत. वेलॉक्स, ब्रोव्हिरा, रिडॅक्स म्हणजे काय?

कागदांची नावं. कोडकचा वेलॉक्स, आग्फाचा लुपेक्स आणि गेव्हर्टचा रिडॅक्स हे कॉन्टॅक्ट पेपर, म्हणजे निगेटिव्ह कागदाला चिकटवून त्याच मापाचा फोटो काढायचा. ब्रोव्हिरा हा आग्फाचा ब्रोमाइड कागद, निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचा. पोर्ट्रिगा उबदार छटेचा, पोर्ट्रेटसाठी. ‘सेलो’ ही इलफर्डची रोल फिल्म. यावरून स्टुडिओचं काम कळतं. नुसते कॉन्टॅक्ट पेपर मागवणारा स्टुडिओ मोठ्या प्लेटांवर काम करत होता. ब्रोमाइड वाढत गेला तर एन्लार्जर आला. मापं इंचांत: क्वार्टर प्लेट ३¼ × ४¼, हाफ प्लेट ४¾ × ६½, फुल प्लेट ६½ × ८½. ग्रोस म्हणजे १४४, शंभर नव्हे. बेरीज जुळत नसेल तर आधी हे तपासा.

‘इंदू’ हे नाव आलं की माल देशी: उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, उत्पादन १९६७ पासून.

पाकिटाच्या मागे मोडीत काहीतरी खरडलेलं आहे. ते महत्त्वाचं आहे का?

पुष्कळदा पुढच्या छापील नावापेक्षा जास्त. जुने दिवाणजी पत्र आल्याची मिती, उत्तर दिल्याची मिती आणि रक्कम पाकिटावरच टिपून ठेवत. रक्कम उभ्या दंडांत असते: एक दंड पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘१२॥।’ म्हणजे बारा रुपये बारा आणे. हे दंड पूर्णविराम समजून लोक ‘१२’ वाचतात. मिती हिंदू महिन्यांची असेल तर इंग्रजी तारखेशी पंचांगावरून ताडून बघा, आणि पाकिटावरच्या शिक्क्याशी मेळ बसतो का तेही. १९५० नंतरच्या टिपणांत हीच जागा कन्नड किंवा इंग्रजी घेते. कन्नड न वाचता येणाऱ्यांनी शेजारच्याला विचारावं. आपल्याकडे शेजारी सापडतोच.

तांबड्या फ्रँकिंगच्या शिक्क्याचं पाकीट कमी मोलाचं असतं का?

तिकीट जमवणाऱ्यांच्या बाजारात कमी, पुराव्याच्या दृष्टीने जास्त. यंत्राचे शिक्के १९२२ पासून आंतरराष्ट्रीय टपालात चालू लागले. शिक्क्यात रक्कम, गाव, तारीख आणि यंत्राचा क्रमांक असतो. बऱ्याचदा शेजारी कंपनीची जाहिरात. तारीख तिकिटावरच्या शिक्क्यापेक्षा स्वच्छ वाचता येते. शिक्का कापून ठेवू नका आणि ओल्या बोटाने पुसू नका, शाई सुटते.

काही कंपन्या तिकिटांत बारीक भोकांनी आपली आद्याक्षरं पाडत, म्हणजे हापिसातल्या माणसाने तिकिटं घरी नेली तर पकडला जाईल. सुटं तिकीट पालथं करून बघितल्यावर ती अक्षरं नीट दिसतात. खराब तिकीट समजून फेकू नका.

युद्धकाळातल्या पाकिटांत वेगळं काय बघायचं?

कडेला चिकटवलेली सेन्सॉरची पट्टी. पाकीट कुठून फोडलं आणि कुठे पुन्हा बंद केलं ते तिच्याखाली दिसतं. पट्टी उचलू नका. सप्टेंबर १९३९ नंतर जर्मनीशी व्यापार बंद झाला, त्यामुळे १९४०-४५ मधलं जर्मन कंपनीचं ‘व्यापारी’ पाकीट कोणी विकत असेल तर दूर राहा. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरचा विमानमार्ग तुटला. ब्रिटनची पत्रं बोटीने डर्बनपर्यंत आणि तिथून विमानाने येऊ लागली. पोचायला दोन-तीन महिने लागलेले दिसले तर शिक्का चुकीचा समजू नका.

बेळगाव कॅम्पमुळे, म्हणजे लष्करी छावणीमुळे, इथे एअरग्राफही सापडतात: साधारण चार बाय पाच इंचांचे, फोटोपेपरवर छापलेले पत्र. मूळ पत्र १६ मिलिमीटर फिल्मवर टिपून, फिल्म विमानाने नेऊन, पलीकडे पुन्हा कागदावर छापत. १९४१ ते १९४५. तंत्र कोडकचं. हा व्यापाराचा कागद नव्हे, पण पत्र स्वतःच फोटो आहे. म्हणून तो फोटोसारखाच जपावा: ओल लागली तर जिलेटिन चिकटतं.

गोव्याहून आलेली पाकिटं या संग्रहात धरायची का?

धरा, पण वेगळी ठेवा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता. खानापूरच्या जंगलापलीकडे दुसरा देश, कॅसलरॉकला कस्टमचं नाकं. त्यामुळे पणजी किंवा मडगावच्या दुकानदाराचं पाकीट हे कागदोपत्री परदेशी टपाल. तिकिटं पोर्तुगीज इंडियाची: आधी रुपिया-टंगा-रेइसमध्ये, १९५९ पासून एस्कुडो-सेंटाव्होमध्ये.

पाकीट खरं की जुळवलेलं, कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बहुतेक फसवणूक पकडतात. तिकिटावरचा शिक्का पाकिटावर पुढे सरळ चालू राहतो का. टपालदर त्या तारखेला बसतो का. आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चकाकतो का. असा चकाकणारा रसायनयुक्त कागद १९५० च्या आसपास रूढ झाला. १९३५ चं म्हणून विकलेलं पाकीट चमकलं तर ते नंतरचं. मात्र न चमकणं हे जुनेपणाचं प्रमाण नव्हे.

दुसरा प्रकार हौशी पाकिटांचा. पहिल्या विमानफेरीसाठी तिकीटप्रेमींनी स्वतःलाच पाठवलेली पाकिटं असतात. दर जरुरीपेक्षा जास्त, पत्ता सुबक, पाकीट न फोडलेलं. धंद्याचं पाकीट घाईने फाडलेलं असतं.

बेळगावच्या पावसात ती जपायची कशी?

इथला खरा शत्रू जून ते सप्टेंबरची ओल. पाकिटं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, आम्लविरहित जाड कागदाचा आधार देऊन, उभी ठेवा. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पिशवी वापरू नका. ती काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढून घेते. सेलोटेप, रबरबँड, स्टेपल काढा. रबर वितळून तपकिरी पट्टा पडलेला असेल तर खरवडू नका. इस्त्री आणि लॅमिनेशन कधीच नको.

लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बदलला की तापवून वाळवा. ओल्या पुड्या नुसत्या पडून राहिल्या तर काही उपयोग नाही. कसर दिसली तर डब्यात डांबरगोळ्या टाकण्याचा मोह आवरा: त्यांची वाफ प्लास्टिकला आणि कागदाला लागते. कडुलिंबाचा पालाही थेट नको, पानाचा डाग पडतो. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, सगळं एकदा उघडून बघा.

निगेटिव्ह त्याच डब्यात असतील तर आज वेगळ्या करा. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म स्वतः सडते आणि शेजारचा कागद पिवळा करते. १९५० च्या आधीची पिवळट, चिकट, पावडर सुटणारी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेटते. घरात, स्वयंपाकघराजवळ किंवा उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, आणि ‘जळते का बघू’ हा प्रयोग तर अजिबात नको.

तिकीट काढून विकलं तर चालेल का?

नको. सुटं तिकीट चार आण्याचं. पाकिटासकट ते तारीख, वजन आणि वाट सांगतं.

परदेशी ग्राहकाला विकायचं आहे. काही अडचण?

ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकतात, आणि पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एखाद्या साध्या पाकिटाला कोणी हरकत घेणार नाही असं गृहीत धरू नका. पोस्टात टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. देशातल्या देशात देवघेव करायला ही अडचण नाही.

नोंद कशी ठेवायची?

एका पाकिटाला एक कार्ड. खालचा नमुना कल्पित आहे, पण रकाने असेच ठेवा:

क्रमांक ०१७. पाठवणारा: फोटोपेपरचा कारखाना, बेल्जियम. घेणारा: स्टुडिओ, गणपत गल्ली, बेळगाव. पाठवल्याचा शिक्का: वाचता येतो. पोचीचा शिक्का: नाही. पत्त्यातलं राज्य: ‘बॉम्बे’. माप: ११४ × १६२. तिकिटं: तीन, एक पडलेलं, डिंकाचा डाग आहे. टाचणीची भोकं: दोन, अंतर ९ मिलिमीटर. मागची टिपणं: मोडी, ‘१२॥।’. सोबत सापडलेलं: बिल क्रमांक ०४१, भोकं जुळतात. कुठे सापडलं: माळ्यावर, हायपोच्या डब्यात.

शेवटचा रकाना सगळे गाळतात. फायलीत सापडलं, अल्बममध्ये की रद्दीच्या दुकानात, यावर बाकीच्या नोंदीचं वजन ठरतं. निपाणीच्या वखारीतून आलेल्या गठ्ठ्यात तंबाखूच्या व्यापाऱ्याची पाकिटं मिसळलेली असतात, आणि डबा कोणाचा होता ते न लिहिल्यास दोन महिन्यांनी ती वेगळी करता येत नाहीत. पेन्सिलीने, मऊ शिशाने, आणि कार्डावर लिहा. पाकिटावर काहीही लिहू नका, क्रमांकसुद्धा नको.